खानावळीची किरायाचिठ्ठी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण मलकापूरच्या एका खानावळीतला दारूबंदीचा गुन्हा, ज्याची वर्तमानपत्रात ओळभरही बातमी आली नाही, तो मात्र मला अजून लख्ख आठवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मलकापूरला मी ठाणेदार म्हणून रुजू झालो होतो. मी मूळचा देऊळगाव राजाकडचा. आमची बोली जालन्याकडे झुकणारी, त्यामुळे ठाण्यातले शिपाई सुरुवातीला माझ्या बोलण्याला हळूच हसत. कापसाचा हंगाम सुरू झाला की गावात बैलबंड्यांची रीघ लागे, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांमध्ये बाहेरगावची माणसं येत, आणि या माणसांच्या जेवणावर चार-दोन खानावळी चालत. त्यांतली एक स्टेशनच्या रस्त्याला होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. वय चाळिशीच्या आसपास. नवरा जिनात कामाला होता. तो वारल्यावर त्यांनी भाड्याच्या त्या घरातच चूल मोठी केली आणि जेवणारे बसवले. जिनातले कारकून, शाळेतले दोन-तीन मास्तर असे तिथे जेवत.

घराचा मालक नागपूरला. त्याची मलकापुरातली घरं एक मुखत्यार सांभाळत असे. किराया वसूल करणं, किरायदार ठेवणं, काढणं, सगळं त्याच्या हाती. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, बोलणं अतिशय गोड.

एके दिवशी काकू ठाण्यात आल्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, पण आवाज खणखणीत.

"साहेब, तो मुखत्यार मले नव्या किरायाचिठ्ठीवर अंगठा माराले सांगून राह्यला. मास्तरांकडून वाचून घेतली म्या. त्याच्यात लिवलंय का सालभरानं मी आपखुशीनं घर खाली करीन. मी काऊन खाली करू?"

"मग नका देऊ अंगठा," मी म्हणालो.

"नाई देत म्हनूनच तर तरास आहे. विहिरीचा दोर कापला. मोरीत दगडं भरले. जेवाच्या वक्ताले मुखत्यार येते आन् मानसाईले सांगते, हे घर पडणार आहे, दुसरीकडं सोय पाहा."

त्या काळी वऱ्हाडात घरमालकाला किरायदाराला सहजासहजी काढता येत नसे. रेंट कंट्रोलरची परवानगी लागे, आणि ती मिळायला कारण दाखवावं लागे. किरायदारानेच लिहून दिलं की पुढचं काम सोपं. म्हणून हा सगळा खटाटोप. मी काकूंची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली, त्यांना रेंट कंट्रोलरकडे अर्ज करायला सांगितलं आणि जमादाराला पाठवून मुखत्याराला समज दिली. मुखत्यार स्वतः ठाण्यात येऊन नमस्कार करून गेला. "गैरसमज आहे साहेब. बाई माणूस आहे, घाबरते."

त्यानंतर काही आठवड्यांनी जमादार सकाळीच माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, खबर आहे. काकूच्या खानावळीत हातभट्टीची दारू आहे. मांगच्या खोपटात, पऱ्हाटीच्या खाली. मानूस भरवशाचा आहे, आजवर खोटी खबर दिली नाई त्यानं."

दारूबंदी कडक होती. मला मुखत्याराचं प्रकरण ठाऊक होतं, त्यामुळे मनात शंका आलीच. पण पोलिसाला एक गोष्ट लवकर शिकावी लागते. ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस गुन्हा करतच नाही, असं नसतं. एकट्या बाईने चार पैशांसाठी दारू ठेवली, असं मी त्याआधी पाहिलं होतं. खबर आली की झडती घ्यायची, हा नियम.

जेवणारे येण्याआधी पोहोचायचं मी ठरवलं. खानावळीच्या भिंतीला भिंत लागून एका शिंप्याचं दुकान होतं. तोही त्याच मुखत्याराचा किरायदार. पंच म्हणून जमादाराने आधी त्यालाच हाक मारली. सगळ्यात जवळचा तोच. पण तो मशीनवरून उठेना. अंगात ताप आहे म्हणाला. मग समोरचा किराणावाला आणि एक पानवाला असे दोन पंच घेतले.

काकू भाकरी थापत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, हात धुतले आणि बाजूला उभ्या राहिल्या. घरात काही मिळालं नाही. मागच्या खोपटात मात्र पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग उपसला आणि खाली मोटारीची ट्यूब निघाली, दारूने टम्म फुगलेली. दोन्ही तोंडं दोरीने बांधलेली. वास सगळ्या अंगणात पसरला.

काकूंनी ट्यूब पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे माहं नोहे," एवढंच म्हणाल्या.

पंचनामा होईस्तोवर दारात गर्दी जमली. जेवायला आलेले लोक रस्त्यावरूनच परत फिरले. दारूपेक्षा हे नुकसान मोठं होतं. खानावळ चालते ती विश्वासावर. शाळेच्या हेडमास्तरांनी त्याच दिवशी मास्तरांना तिथे जेवायला जाऊ नका म्हणून सांगितल्याचं नंतर कळलं.

ठाण्यात आणून मी काकूंचा जबाब घेतला. त्यांचा भाऊ वडनेर भोलजीहून धावत आला. तो भाजीपाला पिकवणारा साधा शेतकरी. जामीन राहायला तयार झाला, पण बहिणीवर चिडला.

"मारून टाक अंगठा एकदाचा, बाई! गावाले चाल माह्या घरी. काऊन एवढा जीव जाळून राह्यली?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

दुपारी मुखत्यार आला. चेहऱ्यावर कळवळा. "साहेब, गरीब बाई आहे. चूक झाली असेल हातून. फार ताणू नका. मी तिची समजूत घालतो. तिने घराचा विषय मिटवला, तर मीही तिच्यासाठी चार शब्द टाकीन."

त्याच्या बगलेत कागदाची गुंडाळी होती. मी ती मागितली. किंचित अडखळला, पण द्यावी लागली. स्टॅम्प लावलेली किरायाचिठ्ठी, फक्त अंगठा उमटायचा बाकी. संकटात सापडलेल्या माणसाची कीव करायला येणारा माणूस, मी आजवर पाहिला त्यात तरी, स्टॅम्पचा कागद घेऊन आलेला नव्हता. मी कागद परत केला, त्याला पान दिलं आणि रवाना केलं. पुरावा हाती नसताना संशय बोलून दाखवायचा नसतो.

मी पुन्हा काकूंना समोर बसवलं. आरोपीला विचारायचे प्रश्न बाजूला ठेवून म्हटलं, "त्या खोपटाबद्दल सगळं सांगा. सरपण कधी भरलं, कोणी भरलं, दार कोणतं, कडी कुठून."

त्यातून जे निघालं ते असं. आदल्या दिवशी सकाळी खोपटं पार रिकामं होतं. काकूंनी ते झाडून शेणाने सारवलं. दुपारी भावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याची पऱ्हाट्यांची बंडी आली, आणि गडी-माणसाच्या मदतीने त्यांनी स्वतः उभं राहून सरपण रचून घेतलं. म्हणजे ट्यूब आत गेली ती त्यानंतर. मी जमादाराला घेऊन जागा पुन्हा पाहिली. जमादाराला आठवलं, झडतीत आम्ही ढीग उपसण्याआधीच पुढच्या बाजूच्या पऱ्हाट्या काढून परत कोंबल्यासारख्या आडव्यातिडव्या होत्या, बाकीचा ढीग एकसारखा होता. अंगणाला भिंत, मागच्या दाराला आतून कडी. रस्त्याकडून यायचं तर खानावळीतून, आणि तिथे काकू स्वतः. अंगणात उघडणारं आणखी एकच दार होतं. शिंप्याच्या दुकानाचं.

मी काकूंना म्हणालो, "त्या दारातून कोण येतं?"

त्या पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या.

"त्याच्यावर आळ नका घेऊ, साहेब. भावासारखा आहे तो मले. त्याची बायको बाळंतपनाले गेली तं दोन महिने माह्या चुलीपाशी बसून जेवला तो. कोनी बी करीन, तो नाई करनार."

काही क्षण मला वाटलं, आपण चुकतोय. पण तापाचं निमित्त करून मशीनवरून न उठणारा तो माणूस डोळ्यांसमोरून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ठाण्यात बोलावलं. मारहाणीने गुन्हे उघडकीला येतात असा समज तेव्हा होता, अजूनही आहे. माझा अनुभव वेगळा. बहुतेक माणसांना बोलायचंच असतं, त्यांना फक्त शांत जागा आणि वेळ लागतो. मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. ठाण्याचं काम नेहमीसारखं चालू. कोणी बैल हरवल्याची तक्रार घेऊन आलं, कोणी भांडण घेऊन. तो बसून होता. ज्याने काही केलेलं नसतं तो माणूस थोड्या वेळाने उठतो आणि विचारतो, मला कशाला बोलावलं? या माणसाने विचारलंच नाही.

मग मी त्याला आत घेतलं, चहा मागवला.

"ताप उतरला?"

"हाव."

"काकूंना मी तुझ्याबद्दल विचारलं."

त्याने मान वर केली. "काय म्हनल्या?"

"भावासारखा आहे म्हणाल्या. त्याच्यावर आळ घेऊ नका म्हणाल्या."

यापलीकडे मला काही करावं लागलं नाही. तो दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. जमादार दारात आला होता, त्याला मी खुणेनेच परत पाठवलं.

रडणं थांबल्यावर त्याने सगळं सांगितलं. त्याच्याही दुकानाच्या किरायाचिठ्ठीची मुदत संपत आली होती. मुखत्यार महिनाभर त्याला टांगून ठेवत होता. आज देतो, उद्या पाहू, मालकाचं पत्र यायचं आहे. मग एक दिवस म्हणाला, तुझी चिठ्ठी मी पहिल्याच अटींवर नवी करून देतो, माझं एक काम कर.

"मुखत्याराचा गडी ट्यूब देऊन गेला साहेब. म्हने, फक्त पऱ्हाटीखाली सरकव. बाईले काई होनार नाई, पोलीस दमदाटी करतीन आन् सोडतीन. ती भिऊन अंगठा देईन, एवढंच. म्या नाई म्हटलं तं म्हने, मंग तूच उचल तुही मशीन. कुठं जाऊ साहेब? रस्त्यावरचं दुकान गेलं तं गिऱ्हाईक गेलं. लहान लेकरू आहे घरी."

"काकूंना सांगायचं होतंस."

"सांगाले दोनदा गेलो. त्या म्हनल्या, ये, बस. मंग मले बोलताच आलं नाई."

पुढचं काम सरळ होतं. गड्याला उचललं. तो पहिल्याच प्रश्नाला फुटला. कोणत्या भट्टीवरून ट्यूब आणली तेही त्याने दाखवलं. खबऱ्याच्या कानावर बातमी याच गड्याने घातली होती, त्यामुळे बिचाऱ्या खबऱ्याचाही उपयोग करून घेतला गेला होता. मुखत्याराला अटक करायला गेलो तेव्हा तो पाट मांडून जेवायला बसला होता. मी त्याला जेवण पूर्ण करू दिलं.

ठाण्यात तो शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला. "मी कोणाला हात लावला का, साहेब? कोणाला शिवी दिली? मी फक्त कागदावर सही मागितली."

एका अर्थी ते खरंच होतं. दोर कापला तो दुसऱ्याने, दगड भरले ते दुसऱ्याने, ट्यूब सरकवली तीही दुसऱ्याने.

काकूंवरचा गुन्हा रद्द झाला. खोटा पुरावा तयार केल्याबद्दल मुखत्यार आणि गड्यावर खटला चालला आणि दोघांना शिक्षा झाली. शिंप्याने गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटांनी त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, आणि नंतर तो मुखत्याराविरुद्ध साक्षीला उभा राहिला. नागपूरचा मालक घाबरून स्वतः आला. जिनाच्या एका व्यापाऱ्याला ती जागा गोदामाला देण्याचं मुखत्याराने परस्पर ठरवलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. काकूंनी त्याच्यासमोर नवी किरायाचिठ्ठी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली आणि मगच अंगठा दिला. घर खाली करण्याचं कलम तिच्यात नव्हतं. जेवणारे हळूहळू परत आले. हेडमास्तर मात्र बरेच दिवस त्या रस्त्याने जायचं टाळत.

पुढे माझी बदली झाली. जाण्याआधी एका दुपारी मी खानावळीत जेवायला गेलो. पंगत बसली होती. शेवटच्या पाटावर तो शिंपी होता. मान खाली घालून जेवत होता. काकू वाढत आल्या. मला भाकरीचा आग्रह केला, शेजारच्या कारकुनाला केला, "घ्या ना, दिवसभर वजनकाट्यापाशी उभं राह्यता" म्हणाल्या. शिंप्याच्या पाटापाशी आल्या, त्याने हात पुढे केला तेवढं वाढलं आणि पुढे गेल्या. आग्रह नाही.

जेवण झाल्यावर, तो गेल्यावर, मी विचारलं. "माफ केलं वाटतं त्याला?"

काकू ताटं गोळा करत होत्या.

"माफ कायचं करता, साहेब. बायको पुन्हा माहेरी गेली त्याची. भूक तं लागते ना मानसाले. खानावळ आहे माही, येनाऱ्याले वाढा लागते."

थोडं थांबून म्हणाल्या, "पन आता तोंडातून 'आनखी घे' नाई निंगत. निंगालं असतं तं बरं झालं असतं. मलेच जड जाते."

त्यानंतर माझ्याकडे अनेक तक्रारी आल्या, ज्यांत कोणी कोणाला मारलेलं नसे, धमकावलेलंही नसे, नुसतंच टांगून ठेवलेलं असे. पूर्वी मी म्हणत असे, यात नुकसान ते काय झालं? मलकापूरनंतर तसं म्हणालो नाही. जागा हातची जाण्याची भीती घातली की माणूस स्वतःच्या शेजाऱ्याच्या घरात शिरतो, आणि तेही ज्या हाताने घास घेतला त्याच हाताने. मुखत्याराला कोर्टाने शिक्षा दिली ती ट्यूबसाठी. काकू आणि शिंपी या दोघांमधलं जे गेलं, ते माझ्या पंचनाम्यात कुठेच नव्हतं, आणि ते परत मिळवून देण्याचं कलम मला कुठल्या कायद्यात सापडलं नाही.