बिदरी सुरईचा तपास

ती घटना आठवली की आजही मी मनोमन हात जोडतो.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्या हद्दीत दगडी कमानींच्या जुन्या इमारतीत एक लहान संग्रहालय होते. मंगळवारी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "संग्रहालयातली बिदरी सुरई चोरीला गेलीय. जागेवर नकली ठेवलीय. पहारेकऱ्याला धरा."

बिदरी काम म्हणजे काळ्याभोर धातूवर चांदीची नक्षी. कपाटात मात्र फिकट राखाडी सुरई उभी होती. कुलूप शाबूत, आणि किल्ली एकट्या पहारेकऱ्याकडे. त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"काका, काल सुट्टी होती. किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडंच, साहेब."

"दिवसभर?"

"व्हय."

तो सोमवारी वेरूळला लग्नाला गेला होता, हे समोरच्या टपरीवाल्याने आधीच सांगितले होते. खोटे बोलणारा चोरीच लपवतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. अटकेचे कागद तयार करायला सांगून मी पंचनाम्यासाठी पुन्हा संग्रहालयात गेलो.

झाडूवाली मावशी फरशी पुसत होती. मला कपाटापुढे थांबलेला पाहून ती म्हणाली, "आता कशी दिसतीया? लई काळी पडली व्हती. काल चिंच लावून घासली."

"कपाट कुणी उघडलं?"

"मीच. काकांनी किल्ली दिली, म्हणले काचा पुसून ठेव."

बिदरीच्या कारागिराला बोलावले. त्याने सुरई उलटी करून बूड पाहिले आणि तो हसला. "माल वहीच है साब. रंग उतर गया, फिर चढ़ जाता."

गुन्हा घडलाच नव्हता; फोन करणाऱ्यानेही माझ्यासारखाच नुसत्या रंगावरून तर्क केला असावा. ठाण्यात परतून मी पहारेकऱ्याला विचारले, "आधी का नाही सांगितलंत?"

"ती रोजंदारीवर हाय, साहेब. नाव घेतलं असतं तर तिला इथं आणून बसवलं असतं तुम्ही."

ते खरे होते. संग्रहालयाच्या प्रमुखांना, अभिरक्षकांना, विनंती करून मी मावशीचे काम वाचवले.

त्या दिवशी मी सगळ्यांचे जबाब घेतले होते, फक्त मावशीचा नाही. माझ्या आईने वसतिगृहातली भांडी घासून मला घरातला पहिला पदवीधर केले, तरीही मला ते सुचले नव्हते. पुढच्या प्रत्येक तपासात पहिला प्रश्न मी झाडणाऱ्या माणसाला विचारला.

कारागिराकडून सुरई काळी होऊन आली, तेव्हा मावशीचे आभार मानायला मुद्दाम गेलो.

"आभार ऱ्हाऊ द्या साहेब," मावशी म्हणाली. "एवढी घासलेली सुरई परत काळी कशापायी केली, ते सांगा आधी."