गावभागातले पुराचे दार

साताऱ्याहून निघताना मला पोहोचवायला कोणी आले नव्हते. त्यात एक सोय झाली; मोटार सुटेपर्यंत उगाच हसतमुख राहावे लागले नाही. वडील गेल्या दिवाळीनंतर गेले. यादोगोपाळ पेठेतले आमचे घर भाड्याचे, आणि मालकांना ते आता मुलाच्या लग्नासाठी हवे होते. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळत होती, पण मुख्याध्यापिकाबाईंनी बजावले होते, "आधी राहण्याची सोय करा, मग हजर व्हा." जूनच्या आत खोली मिळाली तर नोकरी, नाहीतर हे घरही नाही आणि ती नोकरीही नाही. चाळिशीला आलेल्या, लग्न न झालेल्या बाईला कोण खोली देतो, याचा विचार मी मुद्दामच केला नव्हता.

सातारा रोड स्टेशनावर आगगाडीत बसले. लढाईचे दिवस, डबा रजेवर निघालेल्या शिपायांनी भरलेला. समोर ट्रंकेवर बसलेला एकजण कवठे महांकाळचा होता. कराड गेल्यावर त्याने भाजलेल्या शेंगांचा पुडा पुढे केला.

"सांगलीत कुणाकडं निघालाय, बाई?"

"कोणाकडे नाही. खोली बघायला."

"एकल्याच? मग आमच्याकडं या की. घरं लय हायती, पाणी तेवढं न्हाई."

तो स्वतःच मोठ्याने हसला. मिरजेला त्याची गाडी वेगळी, माझी वेगळी. घटकाभराच्या ओळखीच्या माणसाची पाठ बघून डोळे भरून यावेत, याचा मला स्वतःचाच राग आला.

सांगलीला गावातल्या मोठ्या देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरले आणि सकाळीच गावभागात शिरले. सांगलीचे हे सगळ्यात जुने अंग. संस्थानची राजधानी इथे आली तेव्हा कारभारी, सावकार, वैद्य, सोनार यांना जागा देऊन वसवले, आणि जो तो नदीच्या जवळ राहायला धडपडला. कृष्णेने मग त्यांना शहाणे केले. घरांची जोती पुरुषभर उंच, खाली काळा दगड, वर पांढरी माती, आणि दारांच्या चौकटींवर गेरूच्या आडव्या रेघा. या रेघा म्हणजे कोणत्या पुराला पाणी कुठवर आले त्याच्या खुणा. लोक त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवतात, जशी आपण पोरांची उंची दाखवतो.

घरे बघण्याची मला हौस आहे आणि दाखवण्याची सांगलीकरांना. पहिल्या घरी पेन्शनीत निघालेले एक कारकून होते. त्यांनी सोप्यातले (पुढच्या ओसरीतले) नक्षीचे खांब दाखवले, परड्यातली (घरामागच्या अंगणातली) विहीर दाखवली, आणि पायरीवर हात ठेवून म्हणाले, "हा दगड देवळाच्या बांधकामातून उरलेला." मग विचारले, "बरोबर कोण राहणार?" कोणी नाही म्हटल्यावर खोली एकदम पुतण्यासाठी राखलेली निघाली. दुसऱ्या घरीही पायरी देवळाच्या उरलेल्या दगडाची, तिसऱ्या घरीही. इतका दगड उरला असेल तर देऊळ बांधले कशाने, असे विचारावेसे वाटले, पण मी गरजू होते. सगळीकडे पन्हे मात्र मिळाले. साखर रेशनकार्डावर, म्हणून गुळाचे, चवीला सुरेख. खोली कुठेच मिळाली नाही.

दुपारी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तापलेल्या दगडांवरून चपला हातात घेऊन चालताना मला रडू आले. घाटावर जाऊन बसले. समोर बायका धुणे धूत होत्या, एकमेकींना नावाने हाका मारत होत्या. या गावात माझे नाव घेऊन हाक मारणारे कोणी नाही, आणि आता साताऱ्यातही नाही, हे तिथे पुरते कळले.

धुण्याची बादली उचलून निघालेल्या एका म्हातारीने विचारले, "आवं बाई, अनवाणी का?" या गंगूआक्का. मी खोलीचे सांगितले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"तुमचं कुणी न्हाई हितं? आजिबात?"

"नाही."

"मग चला."

त्यांचे घर गल्लीच्या उतारावर, मध्यावर. माडीवरची खोली लहान, पण नदीकडून वारा येत होता. एका भिंतीत बुटके दार होते. पूर आला की खालच्या अंगाची सगळी माणसे माडीवर चढतात आणि अशा दारांतून एका माडीतून दुसरीत, वरच्या गल्लीपर्यंत सुखरूप जातात. घरे बांधतानाच ही सोय केलेली.

"पलीकडं माझी जाऊ ऱ्हाती," गंगूआक्का म्हणाल्या. "मोरीच्या पाण्यावरनं आमचं बोलणं बंद हाय. दोन्हीकडनं कड्या. माझ्या हाकंला ती ओ देणार न्हाई, आन् मी बी हाक मारणार न्हाई. आधीचा भाडेकरी वाजवायचा, त्याची बदली झाली. पाणी आलं की तुमी वाजवायचं."

"आणि त्या उघडतील?"

"परक्याला उघडती की. तुमी ना माझ्या, ना तिच्या."

दिवसभर लोक ज्या कारणासाठी मला नाही म्हणत होते, त्याच कारणासाठी मला खोली मिळाली. आक्का खाली गेल्यावर, शेजारधर्म म्हणून, मी त्या दारावर हलकेच टकटक केली.

पलीकडे धावत आलेली पावले ऐकू आली. "पाणी आलं का?"

"नाही हो. मी नवी भाडेकरू. मास्तरीण आहे. म्हटलं, ओळख..."



"मग पाणी आलं की वाजवा," आवाज म्हणाला, आणि पावले लांब गेली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले. साताऱ्यात सामान बांधले, किल्ली मालकांच्या हाती दिली. सगळे म्हणाले, सुटलीस बाई, डोक्यावर छप्पर आले. खरेच आले. पण ज्या वाचकांना सांगली दूर आहे, त्यांना सांगायला हरकत नाही. पुराच्या रात्री ती खोली कशी असेल, ते आता मी मनात रोज बघते: दोन्ही कड्या निघाल्या आहेत, आणि माझ्या अंथरुणाशेजारून अख्खी गल्ली चालली आहे, कडेवर पोरे, डोक्यावर बोचकी, कोणी मला म्हणते आहे, बाई, जरा दिवा धरा. सांगलीत सगळे देवाला हात जोडतात की यंदा कृष्णामाई गावात येऊ नये. मी पुराची वाट बघते आहे.