सकाळच्या नेटवरचं ‘येते’

सकाळचा पहिला चहा मी गच्चीवर घेते. एका हातात कप, दुसऱ्या हातात वायरलेसचा सेट. जुन्या शेजाऱ्यांना याची सवय झाली आहे. नवीन कुणी राहायला आलं की मात्र ते ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, फाटकाशी गाठून हळूच विचारतात, “भाभीजी पुलिस में थीं क्या?” हे चेहरा अगदी गंभीर ठेवून सांगतात, “थीं नहीं, हैं।” मग दोन-तीन महिने ते शेजारी मला जरा जास्तच वाकून नमस्कार करतात.

पोलिसात मी कधीच नव्हते. मी शाळेत गणित शिकवायचे, आणि हॅम रेडिओ हा माझा छंद आहे. सरकारची परीक्षा द्यायची, पास झालं की परवाना मिळतो आणि एक कॉलसाइन मिळतो. कॉलसाइन म्हणजे हवेतलं आपलं नाव. मग ज्यांच्याकडे असाच परवाना आहे त्यांच्याशी आपल्या सेटवरून बोलता येतं. ना सिम, ना टॉवर, ना बिल. “फोन असताना हे कशाला?” असं मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय की मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. पण खरं उत्तर सोपं आहे. फोनवर आपण ज्याला लावतो तोच भेटतो. इथे जो ऐकत असेल तो भेटतो.

भोपाळच्या बरखेड्यातलं ह्यांच्या नोकरीचं क्वार्टर सोडून आम्ही जवळच स्वतःचं घर बांधलं, तेव्हा हा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला. क्वार्टरमध्ये गच्चीवर खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे. माझा सेट पाच वॅटचा, मुठीत मावणारा, वर रबरी दांडकं. त्या दांडक्यावर आवाज आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपलीकडे जात नसे. या सेटच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये टेकडी आली की कारभार संपला. आणि भोपाळमध्ये टेकड्यांना काय तोटा! उपाय एकच, अँटेना उंच करायचा. विकतचा मला महाग वाटला, म्हणून बैठकीच्या खिडकीचे ॲल्युमिनियमचे पडद्याचे दांडे काढले, मापाने कापले, जवाहर चौकातल्या दुकानातून कनेक्टर आणि वायर आणली, आणि पाइपाला बांधून तो सांगाडा गच्चीवर उभा केला. बैठकीला त्यानंतर बरेच दिवस पडदा नव्हता. हे इंदूरचे, मी नागपूरची. “नागपूरच्या लोकांचं घर असंच चालतं का?” एवढंच म्हणाले आणि ऊन येईल तशी खुर्ची सरकवत पेपर वाचत राहिले.

अँटेना लावला त्या सकाळी मी घाबरत घाबरत बटण दाबलं आणि कॉलसाइन सांगितला. थोडी खरखर झाली आणि मग एक जाड, सावकाश आवाज आला, “पाँच नौ, बहनजी। एकदम पाँच नौ।”

आवाज किती स्पष्ट आणि किती जोरात येतोय, त्याचे हे गुण. पाच आणि नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. जन्मभर दुसऱ्यांना गुण देत आलेल्या बाईला कुणी तरी पैकीच्या पैकी दिले, तेही पडद्याच्या दांड्यांवर. मी खाली येऊन ह्यांना शिरा करून घातला.

तो आवाज ईदगाह हिल्सवर राहणाऱ्या भाईसाहेबांचा. आम्ही सगळे त्यांना भाईसाहबच म्हणतो. बँकेतून निवृत्त झालेला, उंचपुरा, मिशीवाला माणूस. त्यांचं घर इतक्या उंचावर की शहरातला कुठलाही सेट त्यांना ऐकू येतो, म्हणून सकाळचं नेट ते चालवतात. नेट म्हणजे हवेतली हजेरी. ते एकेकाचा कॉलसाइन पुकारतात, आपण हजर म्हणायचं, आवाजाचे गुण द्यायचे, हवापाणी सांगायचं, घरचं काही असेल तर तेही. पाचसहा माणसं, सगळे पुरुष, आणि मी. मंडीदीपच्या कारखान्यातला एक इंजिनियर कंपनीच्या बसमध्ये बसायच्या आधी स्टॉपवरून बोलतो. त्याचा आवाज बस आली की मध्येच तुटतो आणि सगळे म्हणतात, “गई बस।” हे या सगळ्या प्रकाराला ‘खरखर मंडळ’ म्हणतात.

नेटवर बोलणं हिंदीत. संपवताना हॅम लोक ‘सेव्हंटी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा, नमस्कार. मीही म्हणायचे, पण पहिल्याच दिवशी त्यापुढे माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “येते हं.”

भाईसाहेबांनी निरोप थांबवला. “कहाँ से आ रही हैं, बहनजी? अभी तो जा रही हैं।”

मग मी सगळ्या नेटला समजावून सांगितलं की आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. घरातून बाहेर पडणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, बाई ‘येते’ म्हणते. परत येणार आहे, म्हणून. ‘जाते’ म्हणून कुणी उठलं तर आई हातातलं काम टाकून दारापर्यंत यायची आणि ‘येते म्हण’ असं म्हणायला लावून मगच सोडायची. भाईसाहेब ऐकून घेऊन म्हणाले, “बड़ी अच्छी बात है। आज से नेट का यही नियम।” आणि दुसऱ्या दिवसापासून ते सगळे निरोप घेताना म्हणायला लागले, “सेव्हंटी थ्री, येते।”

सगळेच्या सगळे ‘येते’. तो मिशीवाला भाईसाहेब ‘येते’, मंडीदीपचा इंजिनियर ‘येते’. पुरुषांनी ‘येतो’ म्हणायचं, हे मी सांगितलं होतं, पण त्यांनी माझ्या तोंडून रोज जे ऐकलं तेच उचललं. इतकी वर्षं मुलांच्या वह्या लाल करणारी मी, पण ही चूक दुरुस्त करायला माझं मन झालं नाही. हे गच्चीच्या जिन्यात उभे राहून ऐकायचे आणि तोंडाला रुमाल लावून हसायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मग माझे कान जायला लागले.

एकदम नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायला लागले. मग नेटवर शब्द बुजायला लागले. आवाज येतोय हे कळायचं, पण शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या झाल्या होत्या. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला भाईसाहेब म्हणाले, “हमारे यहाँ सबकी आँख आई है।” म्हणजे घरात सगळ्यांचे डोळे आले होते, साथ होती. मला ऐकू आलं, आम आए हैं. मी उत्साहाने म्हटलं, “वाह भाईसाहब, दो-चार हमारे लिए भी रखिएगा!” नेट हसून हसून लोळलं. मीही हसले. पण खाली आल्यावर तोच चहाचा कप मी दोनदोनदा विसळत राहिले.

मागच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ओळखणारी बाई मी. शाळेत मुलं म्हणायची, मॅडमच्या पाठीलाही कान आहेत. मला कुणाला सांगायचं नव्हतं. ह्यांनी ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बारीक, चढे आवाज आधी जातात. त, क, स, फ अशी अक्षरं त्या आवाजांत राहतात. जाड, खालचे आवाज शिल्लक आहेत. त्यांनी कानाचं मशीन दिलं. त्याने ह्यांचं बोलणं छान ऐकू यायला लागलं, ज्याची मला तितकीशी गरज नव्हती. पण सेटजवळ मशीन नेलं की सगळी खरखरच मोठी व्हायची आणि माणसं तिच्याखाली बुडून जायची.

मी महिनाभर अंदाजाने चालवलं. माझा कॉलसाइन आला असं वाटलं की बोलायचं, सगळ्यांना पाच नऊ द्यायचे आणि संपवायचं. कोण बोललं, काय बोललं, काही पत्ता नाही. न ऐकता गुण देणं हे मला शाळेतसुद्धा कधी जमलं नव्हतं. ही माणसं मी एखाद-दोनदाच बघितली होती, एरवी आम्ही भेटत नव्हतो. माझ्याकडे त्यांचे आवाज तेवढे होते, आणि तेच जात होते. एका सकाळी ठरवलं, पुरे. कॉलसाइन सांगितला, सेव्हंटी थ्री म्हटलं, आणि पुढे म्हटलं, “बरं, जाते.” ठरवून म्हटलं नव्हतं, आपोआप निघालं. सेट बंद करून कपाटात ठेवला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी हे म्हणाले, “खरखर मंडळाशिवाय सकाळी करमत नाही बुवा.”

त्याच आठवड्यात दुपारी फाटकाशी स्कूटर थांबली. उंचपुरा, मिशीवाला माणूस. आवाज ऐकायच्या आधीच मी ओळखलं. भाईसाहेबांनी चपला काढल्या, सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “आपने ‘जाते’ कहा था। मैंने साफ सुना। घर में सब ख़ैरियत?”

मी म्हटलं, हो, थोडी कामं होती, पाहुणे होते. मग अजून एक-दोन थापा मारल्या. हे आतून आले आणि सरळ सांगून टाकलं, “इनको सुनाई नहीं देता अब सेट पर।”

मला इतका राग आला म्हणता! त्या घटकेला ह्यांना घराबाहेर उभं केलं असतं. रागाने मी कानातलं मशीन काढून ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभी राहिले. भाईसाहेब मागून काही तरी बोलले, मला कळलं नाही. मी वळले नाही. आणि मग मागून एक घुमणारा आवाज आला. तोंड मिटून, नाकातून, जात्याच्या घरघरीसारखा खोल आवाज. लांब, आखूड, लांब, आखूड. मग चार आखूड.

मोर्स, म्हणजे जुन्या तारायंत्राची लिपी! वरच्या परवान्याच्या परीक्षेसाठी आम्ही दोघांनी आपापल्या काळी घोकलं होतं. नंतर कुणी वापरलं नव्हतं. पण पाढे काय कुणी विसरतं? एकेक अक्षर माझ्या कानात स्वच्छ येऊन पडत होतं. सी, एच, ए, आय.

“अहो,” मी खिडकीपासून न वळता ह्यांना म्हटलं, “चहा टाका. भाईसाहेब चहा मागतायत.”

हे दोघांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, एक ऐकू न येणारी आणि एक गुणगुणणारा, दोघं कामातून गेले. मी वळले तेव्हा भाईसाहेबांच्या मिशीखाली हसू मावत नव्हतं. “पाँच नौ, बहनजी,” असं ते म्हणाले असावेत. ओठांवरून तरी तसंच दिसलं.

त्यानंतरचं सगळं त्यांनी केलं, मी काहीच नाही. आधी त्यांनी माईकसमोर धरायला एक तयार बझर आणला. तो इतका चिरका होता की मला ऐकूच आला नाही, शेजारच्या कुत्र्याला मात्र आला. मग जवाहर चौकातल्या त्याच दुकानदाराकडून त्यांनी स्वर कमीजास्त करता येईल असा बझर जोडून घेतला आणि सेटवरून वाजवून दाखवत, फोनवरच्या मेसेजांनी मला विचारत विचारत स्वर इतका खाली आणला की तो गाईच्या हंबरण्यासारखा झाला. बाकीच्यांना मोर्स येत नव्हतं. ते शिकायला बसले. कामाधंद्याची, संसाराची माणसं ती, नातवंडांना शाळेत सोडून येणारी. मंडीदीपचा इंजिनियर कंपनीच्या बसमध्ये गुडघ्यावर बोट आपटत शिकला, शेजारच्या सीटवरच्याने जागा बदलून घेतली म्हणे. त्यांच्या या शिकण्याचं मला नंतर कळलं. त्यांनी हे करायलाच हवं होतं असं काहीही नव्हतं. माझ्या जागी दुसरं कुणी नेटवर आलंच असतं.

आणि एका सकाळी मी सेट पुन्हा गच्चीवर नेला. कप एका हातात, सेट दुसऱ्या. हे जिन्यात उभे होते, या वेळी रुमालाशिवाय. खरखर झाली, मग ते हंबरणं सुरू झालं. माझा कॉलसाइन, हळूहळू, पोराने गिरवावा तसा. मी हजर म्हटलं, तोंडाने, माझ्या आवाजात. ते वाजवतात आणि मी बोलते, अशी आमची वाटणी ठरली होती. एकेक जण आला. कुणाचं अक्षर चुकलं, कुणाचं मध्येच थांबलं, मंडीदीपवाल्याचा निम्मा कॉलसाइन बसने नेला. एरवी दहा मिनिटांत आटोपणारी हजेरी त्या दिवशी इतकी लांबली की चहा निवून साय आली. मी सगळ्यांना पाच नऊ दिले, आणि ऐकून दिले.

शेवटी भाईसाहेबांनी निरोप घेतला. सात, तीन. मग जरा थांबून, लांब, आखूड, लांब, लांब. त्यापुढे एक आखूड, एक लांब, एक आखूड. वाय, ई, टी, ई. येते.

त्या दिवशीही ते चुकीचंच होतं आणि त्या दिवशीही मी ते दुरुस्त केलं नाही. कुणी सेट बंद केला नव्हता. सगळे थांबले होते, आणि कशासाठी थांबलेत ते मला कळलं. मी बटण दाबलं आणि आई ज्या आवाजात म्हणायला लावायची त्या आवाजात म्हटलं, “येते हं.” मग एकेकाचा सेट बंद झाला, सगळ्यांत शेवटी ईदगाह हिल्सचा.