सिनेमातली म्हातारी

पातळभाजीचा वास आला की मला डिचोलीतली एक दुपार आठवते. कॉलेजात असताना आम्ही तिघी मैत्रिणींनी वाचनालयातली जादूच्या राज्याची एक जाडजूड कादंबरी आळीपाळीने वाचली होती. त्यातली होडी वल्हवणारी म्हातारी चेटकीण आमची फार लाडकी. मुलांना पैलतीरी पोचवून ती बुडते, ते वाचून तिघीही रडलो होतो. त्या कादंबरीवर सिनेमा आला आणि आम्ही पहिल्याच खेळाला गेलो. पडद्यावर ती म्हातारी पोहत काठाला लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही दोघी संतापलो. बाहेर हॉटेलात पातळभाजी नि पाव समोर आला तरी आमचं चालूच होतं. "पुस्तकात ती मरता! ह्यांका बदलूक कोणी सांगल्यान?" मी म्हणाले. तिसरी पावाचा तुकडा नुसता कुस्करत होती. तिची आई आदल्या वर्षी गेली होती. "माका बरां वाटलां," ती हळूच म्हणाली, "सिनेमात तरी ती वाचली गो." मग आम्ही खायला लागलो. पुढच्या रविवारी ती धाकट्या बहिणीला घेऊन तोच सिनेमा पुन्हा पाहून आली. कादंबरीच चांगली, असं माझं आजही मत आहे. फक्त तिच्यासमोर मी ते बोलत नाही.