कॅमेरा धरणारा दिसत नाही

भुताच्या सिनेमांबद्दल माझी मतं ठाम आहेत. भूत दिसलं पाहिजे. पांढरी साडी असो, उलटे पाय असोत, काहीही असो, पण दिसलं पाहिजे. दोन तास जीव मुठीत धरून बसायचं आणि शेवटी दाराची कुरकुर ऐकून उठायचं, याला मी सिनेमा म्हणत नाही. त्यामुळे त्या रविवारी दुपारी माझा धाकटा भाऊ टीव्हीला मोबाईल जोडता जोडता म्हणाला की यात भूत दिसतच नाही, तेव्हा मी लगेच म्हटलं, मग लावतोस कशाला?

तो मुंबईला नोकरी करतो. गणपतीला आला होता. विसर्जन झालं, बाकीचे चाकरमानी पिशव्या भरून निघून गेले, हा मात्र रजा वाढवून राहिला. शेजारपाजारचे विचारत होते, काय रे, नोकरी सुटली की काय? तो हसून वेळ मारून नेत होता. कारण आम्हा दोघांना माहीत होतं. पितृपक्ष तोंडावर आला होता आणि आईचा होकार अजून मिळाला नव्हता.

आमचे बाबा बोटीवर होते. रत्नागिरीत एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही, कारण प्रत्येकाच्या घरातलं नाहीतर शेजारातलं कुणीतरी बोटीवर असतंच. एका सकाळी बाबा ड्यूटीवर आले नाहीत. केबिनमध्ये अंथरुणाची घडी घातलेली होती, चपला जागेवर होत्या. सगळी बोट शोधली, बोट मागे वळवून पाणी शोधलं. काही सापडलं नाही. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली.

असा गेलेला माणूस बारा वर्षं परतला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. मालगुंडला आमचे मोठे काका असतात, बाबांचे थोरले भाऊ. ते आईच्या मागे लागले होते. त्यांचंही वय झालं आहे, आपल्या डोळ्यांदेखत भावाचं सगळं रीतसर व्हावं एवढंच त्यांचं म्हणणं. भटजींशी बोलून ठेवलेलं. अग्नी द्यायला माझा भाऊ तयार. अडलं होतं ते आईपाशी. काका येऊन विषय काढायचे, आई सगळं ऐकून घ्यायची आणि कुंकू लावलेलं कपाळ वर करून एकच विचारायची, "कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलेलं नव्हतं. काका चहा पिऊन परत जायचे.

मला काकांपेक्षाही ते व्हायला हवं होतं, आणि त्याचं कारण धर्म वगैरे नव्हतं. आईने इतक्या वर्षांत एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. केळशीला तिच्या सख्ख्या भावाकडे लग्न होतं तेव्हाही ती सकाळी गेली आणि संध्याकाळी धडपडत परत आली. का, तर ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? जिन्यात पाऊल वाजलं की तिच्या हातातलं काम थांबायचं. वरच्या मजल्यावरचा माणूस वर निघून गेला की पुन्हा सुरू व्हायचं. हे बघत बघत मी मोठी झाले, आणि खोटं कशाला सांगू, मला कधी कधी तिचा रागही यायचा. अशीच संपणार का ही बाई, दाराकडे कान लावून?

तर तो सिनेमा.

आई जमिनीवर सुपात जवळा निवडत बसली होती. श्रावण झाला, गणपती झाले, आता घरात मासळीचा वास पुन्हा शिरणार म्हणून स्वारी खुशीत होती. भावाने पडदे ओढले. पडद्यावर आधी नुसती अक्षरं आली, इंग्रजीत. आईला कळावं म्हणून त्याने ती वाचून मराठीत सांगितली. तीन मित्र एका बंद पडलेल्या खाणीत शिरले आणि परत आले नाहीत. पुढे कधीतरी त्यांचा कॅमेरा सापडला. त्यात जे होतं ते हे असं आहे.

हा असल्या सिनेमांचा ठरलेला खेळ असतो, खरंच सापडलंय असं भासवायचा. मला तो तेव्हा माहीत नव्हता, पण भाऊ सांगतोय त्यात काहीतरी मखलाशी आहे एवढं मला कळत होतं. आईला ते कळलं नाही. तिने सूप बाजूला सारलं.

"कुठली रे पोरं?" तिने विचारलं.

कुठलीतरी परदेशातली, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याला वाटलं, दहा मिनिटांत कंटाळून पुन्हा जवळ्याकडे वळेल.

पहिला बराच वेळ मी नुसती करवादत होते. कॅमेरा इकडे हलतो, तिकडे हलतो, मध्येच कुणाचे बूट दिसतात, मध्येच आभाळ. आमच्या गल्लीतल्या लग्नाची शूटिंगवाली पोरं याहून बरं काम करतात. पार्श्वसंगीत नाही. एक किडकिडीत मुलगा, एक मुलगी, आणि तिसरा तो कॅमेरा धरणारा, जो एकदाही दिसत नाही. तिघं चिप्स खातात, एकमेकांची टर उडवतात, खाणीच्या तोंडाशी उभं राहून फालतू विनोद करतात. मी भावाला म्हटलं की हे बनवणाऱ्यांनी घरातल्या टॉर्चवर भागवलेलं दिसतंय. तो म्हणाला, गप्प बस जरा.

मग ती तिघं आत शिरली.

काय झालं ते मला धड सांगता येणार नाही, कारण सांगण्यासारखं काही होतच नाही. ती चालतात. भिंती जवळ येतात. वाट चुकते. मघाशी डावीकडे होतं ते वळण आता नाही. टॉर्चचा उजेड चार हातांवर संपतो आणि त्यापुढे काळोख, त्यात काहीच नाही, पण माझी नजर तिथून हलेना. मी उशी पोटाशी धरली होती हे मला नंतर कळलं. कुठून तरी लांबून दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि तिघं एकदम गप्प झाली. मोठमोठ्या सिनेमांतली रंगवलेली भुतं बघून मी वडापाव खात बसलेली बाई आहे. इथे तर चार पैसे खर्चून तीन पोरांनी नुसता काळोख दाखवला होता आणि मी पाय वर घेऊन बसले होते. हे यांनी केलं तरी कसं? मला त्या क्षणी भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. एवढंसं घेऊन माणूस एवढं करू शकतो!

आणि दुसरं नवल माझ्या शेजारी, जमिनीवर बसलं होतं.

आम्हा दोघांना त्या हलत्या चित्राने गरगरत होतं. आईला काहीच होत नव्हतं. ती पुढे झुकून, मान किंचित तिरकी करून बघत होती, आणि तसं बघताना मी तिला पूर्वी पाहिलं होतं. बाबांनी एकदा बाहेरून हँडीकॅम आणला होता. दर खेपेला बोटीवरचं शूटिंग करून आणायचे. अरुंद बोळ, इंजिन रूम, मेस, मग पुन्हा बोळ, मग नुसतं पाणी. सगळं असंच हलणारं. बाबा स्वतः त्यात कधीच नसायचे, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. नुसता आवाज यायचा, हे बघ, ही आमची मेस. आम्ही पोरं पाच मिनिटांत पळायचो. आई पूर्ण बघायची. बोळाचं, मेसचं तिला काही पडलेलं नसायचं. ती ऐकायची. आता जिना चढतायत, म्हणायची. आता दमलेत. आता हसले बघ.

त्या दुपारीही ती तेच करत होती. किडकिडीत मुलगा रडायला लागला, मुलगी त्याची समजूत घालायला लागली, आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. आई मध्येच हळूच म्हणाली, "कॅमेरा धरलाय तो सगळ्यात जास्त भ्यायलाय. त्याला कुणी विचारत नाही."

मी कान दिला. खरंच. इतका वेळ मला जो खाणीतला वारा वाटत होता तो त्याचा श्वास होता. आखूड, अडखळत चाललेला, तोंड बंद ठेवून घेतलेला. सिनेमाभर तो आमच्या अगदी कानाशी होता आणि मी तो ऐकलाच नव्हता. त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. ज्याने हा सिनेमा केला त्याला मी मनातल्या मनात हात जोडले, आणि आईकडे बघितलं. ही बाई इतकी वर्षं काय काय ऐकत बसली असेल?

शेवट असा. आधी मुलाचा आवाज थांबला. मग मुलगी हाका मारत पुढे गेली आणि तिच्या हाका लांब लांब जात ऐकू येईनाशा झाल्या. कॅमेरा धरणारा एकटा उरला. तो पळाला नाही. कॅमेरा खाली पडला आणि आडवा झाला, समोर नुसती दगडाची भिंत. पावलं वाजली, थांबली. मग काहीच नाही. ती भिंत कितीतरी वेळ तशीच दिसत राहिली. श्वास नव्हता. मग बॅटरी संपली असावी, कारण पडदा काळा झाला आणि नावं यायला लागली.

मग माझी खोड मला स्वस्थ बसू देईना. मी म्हटलं, हे काय, झालं काय त्यांचं? दाखवलंच नाही की!

"मेली ती," आई म्हणाली. "दिसायला कशाला हवं?"

हे ती अगदी सहज म्हणाली, एवढंही कळत नाही का, अशा सुरात. आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. मी बघत होते. तिचा हात सुपाकडे निघाला होता तो तिथेच राहिला. भावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, वरपर्यंत गेलं. आईची नजर काळ्या पडद्यावरून हलली नाही.

तेवढ्यात माझ्या शहाण्या भावाला कंठ फुटला. त्याला वाटलं, आईला धक्का बसलाय. तो घाईघाईने सांगायला लागला की आई, हे खरं नाही गं, नट आहेत ते, सगळं मुद्दाम केलेलं असतं, ती तिन्ही पोरं चांगली जिवंत आहेत. मला वाटलं, उठावं आणि याचा गळा दाबावा. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते शब्द निघाले होते आणि हा गाढव ते परत तिच्या घशात कोंबत होता. आता ती म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते? कुणी बघितलंय?

आईने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "त्यांच्या आया सुटल्या."

मग थोडं थांबून म्हणाली, "तुझे बाबा नाहीत रे पण."

तो तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसला. मी उठून पडदे सारले, कारण मला काहीतरी करायला हवं होतं. दुपारचं ऊन आत आलं. आईने मला काकांना फोन लावायला सांगितला. मी लावला. तिने माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली की भाऊजी, भटजींना दिवस विचारून घ्या. मग काकांचा नाक ओढल्याचा आवाज मला एवढ्या लांबून ऐकू आला. आईने फोन ठेवला.

मला वाटलं होतं, असं काही होईल तेव्हा मला सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. इतकी वर्षं अंगठ्याएवढ्या जागेत पाय रोवून उभी राहिलेली ही बाई, आणि तिथून ती स्वतःच उतरली होती. कुणी ढकललं नाही, कुणी समजावलं नाही. मला तिची भीतीच वाटली थोडी, देवळात वाटते तशी.

ती आमच्या दोघांकडे बघत होती. बाबा कुठे असतील, काय खात असतील, केस पिकले असतील का, असं सगळं ती आम्हाला पूर्वी विचारायची. आता विचारलं ते कधीच विचारलं नव्हतं.

"ते घाबरले असतील काय गो?"

भावाने मान खाली घातली. खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही गं, कळलंसुद्धा नसेल त्यांना, असं काहीतरी. पण जिने दुसऱ्याच्या पोराचा श्वास एवढा ओळखला तिच्याशी काय खोटं बोलणार?

"असतील, आई," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"आणि मी इथे झोपले होते," ती म्हणाली, आणि आमच्यासमोर पहिल्यांदा बाबांसाठी रडली.