पाहुणेपट्टीचं पहिलं साल

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणेपट्टी सुरू झाली. हवापालटासाठी कर्जतला येणाऱ्या मुंबईकरांना खोल्या देणारी काही घरं तेव्हा होती. भिसेगावातलं आमचं घर त्यातलंच. वडिलांनी मागच्या अंगणात कुडाच्या तीन खोल्या काढल्या होत्या. खोलीवाल्यांनी मिळून समिती केली आणि ठरवलं, की प्रत्येक पाहुण्याकडून भाड्यावर थोडी पट्टी घ्यायची आणि त्या पैशातून मुंबईच्या वर्तमानपत्रात गावाची जाहिरात द्यायची.

"पाहुन्यानं पैसं द्यायचं, आनि त्याच पैशानं दुसरा पाहुना बोलवायचा," वडील म्हणाले. "म्हंजी म्हशीचं दूध काढून म्हशीलाच पाजायचं."

"पाजून तर बग," समितीचे अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांत जास्त खोल्या त्यांच्या. "दुप्पट देती का नाय ती!"

जाहिरातीचा मजकूर त्यांनीच सांगितला. डोंगराची कोरडी हवा, विहिरीचं गोड पाणी, अशक्त माणसाला नवी ताकद. जाहिरात आली आणि खोल्या खरोखर भरल्या. मी त्या वर्षी मॅट्रिकच्या निकालाची वाट बघत होतो. पुढं कॉलेजात गेलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तो त्या खोल्यांच्या भाड्यावर. म्हणून त्या जाहिरातीला मी नावं ठेवत नाही.

तिसऱ्या खोलीत मुंबईच्या एका छापखान्यातला जुळारी बायकोला घेऊन उतरला. अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर बसवायचा, हे त्याचं काम. माणूस बारीक, पण हसरा.

"तुमची जाहिरात माझ्याच हातानं जुळलीय, मालक," तो वडिलांना म्हणाला. "'नवी ताकद' बसवताना म्हटलं, लोकांनाच कशाला? आपणही जाऊन घेऊ थोडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीवरून आली ती हंडा खाली ठेवून तशीच उभी राहिली.

"त्यो तिसऱ्या खोलीतला खोकला मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "माझा भाऊ आसाच खोकायचा."

तो मामा मी पाहिलेला नव्हता. क्षयानं गेला, एवढंच ठाऊक होतं. रोगाचं नाव त्या सकाळी घरात कुणी घेतलं नाही. त्यावर आमच्याकडे औषध म्हणजे हवा, दूध आणि देवाची मर्जी. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. दिवसभर पाहुण्यांच्या खोल्यांतून हुंदडायची. तिघांच्याही मनात तीच आली.

"सांगतो त्याला, दुसरीकडं बग म्हून," वडील म्हणाले.

"काय सांगाल? अशक्त मानसाला ताकद देतो म्हून आपनच बोलावलं. पट्टीबी घेतली."

"मग निदान त्याचं ताट येगळं ठेव."

"येगळं ताट दिसलं, की बाकीचं पाहुनं उठून जातील. आनि त्या बाईनं त्या ताटाकडं बगायचं कसं वो?"

दोन दिवसांत आईनं तोड काढली. लाकडं घेऊन येणाऱ्या ठाकरीण बाईकडून पळसाची पानं मागवली आणि तिन्ही खोल्यांतल्या सगळ्यांना पत्रावळीवर वाढायला लागली. जेवणं झाली की सगळ्या पत्रावळी गोठ्यामागं जाळायची. बहिणीला बजावलं, तिसऱ्या खोलीकडं जायचं नाही. ती का म्हणून विचारायची. आई तिला उचलून स्वयंपाकघरात न्यायची.

मुंबईकरांना पत्रावळीचं फार कौतुक वाटलं. ते अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि ते मुद्दाम घरी आले.

"वैनी, लई नाव झालं तुमचं. पुढच्या जाहिरातीत घालू, पानावरचं जेवान! समद्यांनाच पत्रावळी करायला लावतो."

आईनं तोंड फिरवलं. वडील उगीचच मोठ्यानं हसले. अध्यक्षांना कळलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला दुपारच्या गाडीत बसवला असता. मला त्यांची भीती होतीच, पण बहीण क्षणभर दिसेनाशी झाली की जे वाटायचं, त्यापुढं ती काहीच नव्हती.

एका दुपारी ती अशीच दिसेना. मी मागं धावलो. तिसऱ्या खोलीच्या ओट्यावर जुळारी जेवत बसला होता, समोर उकिडवी माझी बहीण. त्यानं वरणभाताचा लहानसा घास केला आणि तिच्या तोंडात घातला. मी ओरडायच्या आत त्याची बायको घागर टाकून धावली. तिनं पोरीच्या तोंडात बोट घालून घास काढला, चूळ भरायला लावली. पोरगी रडायला लागली. आई आली.

"विसरलो हो," जुळारी आपल्या हाताकडे बघत म्हणाला. "तिनं आ केला."

"ताई, तुम्हाला ठाऊक आहे, हे मला पत्रावळ बघितली तेव्हाच कळलं," त्याची बायको म्हणाली. "आम्ही आजच जातो."

"कुटं जाल? त्या छापखान्यात? ऱ्हावा म्हैनाभर." मग आई माझ्याकडे वळली. तिचा आवाज बदलला. "हिला कळंबला मावशीकडं ने. आत्ता, उटल्या पावली."

शेजाऱ्यांची बैलगाडी जुंपली. वाटेत मी बहिणीला सारखं पाणी पाजत होतो, जणू पाण्यानं काही धुऊन जाणार होतं.

"दादा, आता पुरं रं," ती कंटाळून म्हणाली.

जुळारी महिनाभर राहिला. जाताना गाल थोडे भरले होते, खोकला तसाच होता. पुन्हा त्याची काही खबर आली नाही.

पाऊस ओसरल्यावर बहीण घरी आली. तेव्हापासून रोज सकाळी वेणी घालायला बसवलं, की आई आधी तिच्या पाठीला कान लावायची.

"श्वास घे गं."

बहिणीला गुदगुल्या व्हायच्या, ती हसायची. आई हसत नसे. मी दारात पुस्तक घेऊन उभा असायचो, आणि आई फणी उचलेपर्यंत माझाच श्वास अडकलेला असायचा.