पाचही संत्र्यांवर एकच डाग

तिगावच्या शिवारात संत्र्याची तोड सुरू झाली, की बायांची टोळी जयवंताबाईची. झाडाखाली ढीग पडला रे पडला, तिचा हात त्यात फिरू लागे: हा मोठा माल, हा बारीक, हा पोचट. पोचट फळ बाहेरून चकचकीतच असतं. आत रस नसतो, हाताला हलकं लागतं, त्यावरून ओळखायचं. बासष्टाव्या वर्षी तिची कंबर रांजणाएवढी होती आणि त्या कमरेबद्दल तिने आजवर कोणाचं मत मागितलं नव्हतं.

टोळीचा एकच कायदा. दुपारी सगळ्यांचे डबे एका फडक्यावर उघडायचे, आणि दुसरीच्या डब्यातला घास घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिची नात प्रणाली टोळीत आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. फडक्याशी बसायची खरी, पण 'उपास आहे' म्हणून बाटलीतलं केशरी पाणी तेवढं प्यायची. पांढुर्ण्याच्या पार्लरमधून तिने एक मासिक आणलं होतं. त्यात जाहिरात: संत्र्याच्या अर्काची पूड, एकवीस दिवसांत सडपातळ कंबर. संत्र्याच्या बागेत बसून पोरगी संत्र्याची पूड पीत होती. आता याला काय म्हणावं?

सहाव्या दिवशी शिडीवरून उतरताना तिचे डोळे फिरले. खाली टोळीतली पुष्पा होती, तिने धरलं म्हणून निभावलं. पोरीला सावलीत बसवून जयवंताबाईने डबा पुढे सरकवला.

"भाकर खा."

"भाकरीनं माणूस फुगते, आजी."

"कोण म्हणे?"

"इथं लिहून आहे."

जयवंताबाईच्या जिभेवर शिवी आली होती, ती तिने गिळली. कारण असंच 'लिहून आहे' म्हणून तिने स्वतः एकदा घाण्यावरचं जवसाचं तेल बंद केलं होतं. वर्षभर जाहिरातीतलं, डब्यातलं पांढरं तेल वापरलं. तिचे यजमान भगवंतराव एकदाच म्हणाले, भाजीले चव नाही, आणि तिने त्यांना अडाणी ठरवून गप्प केलं होतं.

"आन इकडं ते पुस्तक," ती म्हणाली आणि चष्मा लावला.

पानावर एक हडकुळी बाई टेबलाला टेकून उभी, टेबलावर पाच संत्री. बाईकडे तिने पाहिलंच नाही. आधी माल.

"पुष्पे, या पाचही संत्र्यांले एकाच जागी डाग कसा व?"

"एका झाडाचे असतीन."

"जुळ्या पोरींले बी तीळ येगयेगळ्या जागी असते. एकच संत्रं हाय हे. पाच डाव चिकटवलं." बोट बाईकडे सरकलं. "अन् हे टेबल हिच्या कमरेपाशीच वाकडं कायले?"

प्रणालीने मासिक ओढून घेतलं. टेबलाची कड सरळ येत होती आणि कमरेजवळ आत वळत होती. त्या वळणावरून तिने बोट फिरवलं.

"फोनात फोटो बारीक करतात तसं केलं," ती हळूच म्हणाली. "कंबर आत लोटली, तं टेबलही आत गेलं."

"म्हणजे अशी कंबर हिलेही नाही?" पुष्पाने विचारलं.

"नाही."

"मंग तू कोणासाठी उपाशी मरून राहिली व?"

प्रणालीला हसू फुटलं. हसता हसता तिने पुष्पाच्या डब्यातलं वांगं उचललं, मग भाकर, मग कोणाचा ठेचा, कोणाचा झुणका. सात डबे फिरली. जयवंताबाई बघत होती, शेवटी म्हणाली, "हळू खा. सहा दिवसांचं एकाच दिवशी नको." त्या दिवशी तिला शिडी दिली नाही, ढिगाशी माल निवडायला, छटाईला बसवलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पा सुनेचं मासिक घेऊन आली. जेवताना पानागणिक छटाई सुरू झाली. गोरेपणाच्या क्रीमवाली? पोचट. गुडघ्यापर्यंत केसवाली? पोचट. प्रणाली तोंडात घास घेऊन निकाल देत होती, बाया पोट धरून हसत होत्या.

एका पानावर पांढऱ्या तेलाचा डबा निघाला. जयवंताबाईने ते पान झटकन दुमडलं.

"हे माह्या नवऱ्याले दाखवू नका बाप्पा."